आत्याचं मृत्युपत्र, एक स्टेपल आणि 14 महिने

आत्या गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या कपाटातलं मृत्युपत्र बाहेर काढलं, आणि स्कॅनरमधून पानं नीट जावीत म्हणून कोपऱ्यातली स्टेपल काढली. स्कॅन झाल्यावर पानं परत जुळवली, नवीन स्टेपल मारली, फाईलमध्ये ठेवलं. दोन मिनिटांचं काम. ह्या दोन मिनिटांनी पुढे आमचे किती महिने खाल्ले ते मी आज सगळं लिहून काढणार आहे, कारण गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचे वडील गेले आणि तिने फोनवर विचारलं की प्रोबेटला अर्ज करायचाय, साधारण किती दिवस लागतात गं? मला तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही.

आधी थोडं, प्रोबेट म्हणजे काय ते. माणूस मृत्युपत्र करून जातो, त्यात कुणाला तरी एक्झिक्युटर नेमतो, म्हणजे माझ्यामागे ह्याने किंवा हिने सगळं बघावं. मग ते मृत्युपत्र खरं आहे, शेवटचं आहे, नीट सह्या करून केलेलं आहे, हे कोर्टापुढे किंवा त्यासाठीच्या कचेरीपुढे सिद्ध करायचं आणि शिक्क्याचा कागद घ्यायचा. शब्दच मुळी लॅटिनमधल्या सिद्ध करणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. मृत्युपत्र नसेल किंवा त्यात एक्झिक्युटरच नेमलेला नसेल तर वेगळा कागद घ्यावा लागतो, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, पण रांग बहुतेक तीच.

मला ह्यातली एक गोष्ट फार उशिरा कळली. एक्झिक्युटरला अधिकार कोर्ट देतच नाही, तो मृत्युपत्रातूनच मिळतो आणि माणूस गेला त्या क्षणापासून मिळतो, कोर्ट फक्त त्यावर शिक्कामोर्तब करतं. म्हणजे आत्या गेली त्या रात्रीपासून जबाबदारी माझी होती, घराची, बिलांची, तिच्या देण्याघेण्याची, सगळ्याची. पण ती माझी आहे हे दाखवायला हातात काही नव्हतं. बँक म्हणाली प्रोबेट आणा. घर घेणारा म्हणाला प्रोबेट दाखवा. अर्ज टाकल्यापासूनच पूर्ण 14 महिने मी अशी होते की जबाबदार मीच आणि करता काहीच येत नाही. ही अवस्था ज्याने भोगली नाही त्याला "थोडा उशीर झाला" ह्या शब्दांतून काही म्हणजे काही समजणार नाही.

आत्याने लग्न केलं नव्हतं. आम्ही चौघं भाचवंडं, मी, माझा दादा, काकांचा मुलगा आणि मुलगी. घर विकून चौघांत सारखं वाटायचं आणि शेवटची सहा वर्षं तिला सांभाळणाऱ्या ताईंना एक ठरावीक रक्कम द्यायची, असं स्वच्छ दोन पानी मृत्युपत्र. भांडायला जागाच नाही. मला वाटलं तीनचार महिन्यांत सगळं उरकेल.

अर्ज टाकायलाच 11 आठवडे गेले. हे कुणी आधी सांगत नाही की रांगेत उभं राहण्याच्या आधीच एवढा वेळ जातो. मृत्यूचा दाखला, त्याच्या जास्तीच्या प्रती, मग प्रत्येक खात्यात ती गेली त्या तारखेला नेमके किती पैसे होते त्याचं पत्र, घराची त्या तारखेची किंमत, कुणाचं देणं आहे का, जुन्या पॉलिश्या, कुठे पडलेले शेअर. एका बँकेने पत्र दिलं त्यात तारीख चुकली होती, परत द्यायला पाच आठवडे लावले. आणि ह्या प्रत्येक कागदावर तिच्या नावाआधी मयत. पहिल्या पानावर तो शब्द वाचताना हात थांबतो, मग पंधराव्या पानापर्यंत आपणच तो भराभर लिहायला लागतो, आणि रात्री झोपताना ते आठवून फार वाईट वाटतं.

अर्ज टाकला. पोच मिळाली. आणि मग काही नाही.

पाच महिने काहीच नाही. फोन केला की तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे. ईमेल केली की तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे. मी सातआठ वेळा फोन केला असेन, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी तेच वाक्य, आणि खरं सांगते, फोनवरच्या कुणाशीही मी भांडले नाही कारण ऐकूनच कळत होतं की त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवरही तेवढंच लिहिलंय. पाचव्या महिन्याच्या शेवटी पत्र आलं. दोन शंका. एक, मूळ मृत्युपत्राच्या कोपऱ्यात जुन्या स्टेपलची भोकं दिसतात, तर त्याला आणखी काही जोडलेलं होतं का, असल्यास ते कुठे आहे. दोन, साक्षीदारांच्या सह्या आहेत पण त्यांच्या समोर सही झाली असं सांगणारं वाक्य नाही, तरी साक्षीदाराचं ॲफिडेव्हिट द्या.

स्टेपलचं पत्र वाचून आधी मला राग आला. दोन भोकांसाठी पाच महिने? पण आमच्या वकीलबाईंनी समजावलं तेव्हा पटलं. मृत्युपत्राला नंतर पुरवणी जोडता येते, ती कुणीतरी काढून फेकली तर ज्याला तिच्यात काही मिळणार होतं तो माणूस कायमचा मुकतो, आणि मेलेला माणूस तर उठून सांगायला येत नाही. तेव्हा भोकं बघणं हे त्यांचं कामच आहे. माझी तक्रार शंकेबद्दल नाहीच, शंका पहिल्या आठवड्यात दिसण्यासारखी होती ती पाचव्या महिन्यात का दिसली ह्याबद्दल आहे. पाकीट उघडून कागद हातात घेतला की भोकं दिसतात. म्हणजे पाच महिने ते पाकीट कुणी उघडलंच नव्हतं, आणि आम्ही प्रक्रियेत होतो.

साक्षीदार शोधायला दीड महिना गेला. एक बाई वारल्या होत्या, दुसऱ्या म्हणजे आत्याच्या नोकरीतल्या मैत्रीण, घर बदलून मुलाकडे राहायला गेलेल्या. आत्याच्या जुन्या डायरीतल्या एकेका नंबरवर फोन करत शेवटी सापडल्या. भेटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं ती सही करताना मी म्हटलं होतं, एवढ्यात कशाला हे, तर म्हणाली माझ्यामागे पोरांना त्रास नको." त्यांच्या घरातून बाहेर पडल्यावर मी जिन्यातच बसले थोडा वेळ.

स्टेपलचं ॲफिडेव्हिट मी केलं, साक्षीचं त्यांनी केलं, पाठवलं. आणि आता येतो खरा मुद्दा. उत्तर पाठवलं की कागद त्याच टेबलावर जातील आणि आठवड्याभरात निकाल लागेल असं मी धरून चालले होते. तसं नसतं. एकदा अर्ज थांबला की उत्तर पोचल्यावर तो वेगळ्या ढिगात जातो आणि तिथून पुन्हा वाट बघणं सुरू. आणखी साडेचार महिने. मग दुसरं पत्र, घराच्या कागदावर आत्याचं नाव पूर्ण आहे, मृत्युपत्रात आद्याक्षरं आहेत, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं ॲफिडेव्हिट द्या. हीही शंका पहिल्या पत्रात घालता आली असती ना! तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच वेळी विचारल्या असत्या तर आमचे निदान अडीच महिने वाचले असते, आणि त्या कचेरीतल्याही कुणाला तोच गठ्ठा तीनदा उघडावा लागला नसता. उत्तर आम्ही नऊ दिवसांत दिलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी प्रोबेट हातात.

वाट बघण्याच्या दिवसांत मी ह्या विषयावर फार वाचलं, दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1858 च्या जानेवारीपर्यंत हे काम चर्चच्या कोर्टांकडे होतं, 1857 च्या कायद्याने ते काढून सरकारी कोर्टाकडे दिलं. स्कॉटलंडमध्ये ह्याला प्रोबेट म्हणतच नाहीत, कन्फर्मेशन म्हणतात. आपल्याकडे 1925 चा वारसा कायदा, त्यातल्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नईशी संबंधित ठरावीक मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचं होतं, ते कलम 2025 च्या डिसेंबरात संसदेने रद्द केलं. आता प्रोबेट हवं तर घेता येतं, पण कायद्याची सक्ती उरली नाही. मला वाटतं हे चांगलं झालं. ज्या मृत्युपत्राला कुणाचीच हरकत नाही त्याला वर्षभर रांगेत उभं करून कुणाचं भलं होत होतं?

आणि इंग्लंडातली गोष्ट वाचून तर मला अक्षरशः आमचीच गोष्ट वाचल्यासारखं झालं. तिथे काम ऑनलाइन करायला घेतलं, छोट्या कचेऱ्या बंद करून मोठ्या ठिकाणी एकवटलं, आणि 2022 च्या एप्रिलपासून 2023 च्या एप्रिलपर्यंत वाट बघण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. लोकांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की 2023 च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेच्या न्यायविषयक समितीने चौकशीच सुरू केली. तिथल्या सरकारी आकडेवारीत न थांबलेले अर्ज आणि थांबवलेले अर्ज असे वेगळे हिशेब असतात, आणि थांबवलेल्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे आमचं जे झालं तो एक अपवाद नाही, तो अख्खा एक वर्ग आहे.

तिथे आणखी एक जाच आहे. वारसा कर लागू असेल तर तो माणूस गेला त्या महिन्यानंतर सहाव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचा, पुढे व्याज चालू, आणि तो कर, निदान त्याचा पहिला हिस्सा, भरल्याशिवाय प्रोबेट मिळत नाही. पण मालमत्ता प्रोबेटशिवाय विकता येत नाही! खात्यात रोख असेल तर बँकेकडून परस्पर कर भरायची सोय आहे, पण ज्याचं सगळं घरातच अडकलंय त्याने काय करायचं? लोक कर्ज काढतात. मेलेल्याच्या इस्टेटीचा कर भरायला जिवंत माणूस कर्ज काढतो.

कधीकधी उशिराला कारणही असतं हे मी मान्य करते. गायिका अरेथा फ्रँकलिन 2018 च्या ऑगस्टमध्ये गेल्या, मृत्युपत्र नाही असंच सगळे धरून चालले होते, आणि 2019 मध्ये त्यांच्या घरात हाताने लिहिलेले कागद सापडले, त्यातला 2014 चा तर सोफ्याच्या गादीखाली. मुलांमध्ये वाद झाला की 2010 चा खरा की 2014 चा, आणि शेवटी 2023 च्या जुलैमध्ये ज्युरीने 2014 चा खरा धरला. संगीतकार प्रिन्स 2016 च्या एप्रिलमध्ये मृत्युपत्र न करताच गेला, तर वारस कोण आणि इस्टेट केवढ्याची हे मिटून वाटणी व्हायला 2022 चा ऑगस्ट उजाडला. तिथे खरंच ठरवण्यासारखं काहीतरी होतं. आमच्याकडे ठरवण्यासारखं काय होतं? दोन पानं, चार वारस, एक ताई, हरकत शून्य.

तर ह्या काळात घराचं काय होतं. बंद घर. विमा कंपनीला कळवलं तर त्यांनी पॉलिसीतली अट दाखवली, ठरावीक दिवसांच्या वर घर रिकामं राहिलं तर बऱ्याच नुकसानीचं संरक्षण कमी होतं, म्हणून दर आठवड्याला कुणीतरी जाऊन बघायचं आणि तारीख लिहून ठेवायची. पावसात एका भिंतीला ओल धरली. विजेचं किमान बिल, कर, देखभाल, सगळं मी आणि दादा खिशातून भरत होतो, प्रत्येक पावती जपून. एक चांगला घेणारा मिळाला होता, घरच्यांसकट दोनदा येऊन घर बघून गेला, आठ महिने थांबला बिचारा, मग त्याने दुसरीकडे घेतलं. त्याला मी काय दोष देणार.

पण घराचं नुकसान पैशांत मोजता येतं. नात्यांचं तसं नाही. धाकट्या चुलतभावाला पैशाची गरज होती, मुलीची फी भरायची होती, हे त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. पहिले काही महिने तो विचारायचा, "ताई, झालं का गं काही?" मग विचारणं थांबलं. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्री चुलतबहिणीचा मेसेज, नक्की अर्ज केलाय ना? मी तो मेसेज कितीतरी वेळ बघत बसले. तिचंही चुकलं असं मी म्हणत नाही. एक वर्ष होत आलं, कुणाला काही दिसत नाही, सगळे कागद माझ्याकडे, किल्ल्या माझ्याकडे, आणि मी दरवेळी तेच सांगतेय की प्रक्रियेत आहे, तर माणसाच्या मनात येणारच. त्या कचेरीचं मौन माझ्या तोंडून बोलत होतं आणि संशय माझ्यावर येत होता.

त्या रात्री मी सगळं, अर्ज, पोच, दोन्ही पत्रं, ॲफिडेव्हिटं, खर्चाच्या पावत्या, स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाकलं आणि चौघांना उघडं केलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रुपवर मेसेज टाकायचा ठरवलं, काही झालं नसलं तरी टाकायचा, की काही झालं नाही. चुलतभावाने दुसऱ्या दिवशी फोन केला, जास्त काही बोलला नाही, फक्त म्हणाला भिंतीच्या ओलीचं मी बघतो, तू जाऊ नकोस. हे मी पहिल्या महिन्यापासून करायला हवं होतं. कुणी एक्झिक्युटर झालं असेल आणि हे वाचत असेल तर हे एक आजच करा, बाकी सगळं नंतर.

मैत्रिणीला मी जे सांगितलं तेही लिहिते. मूळ मृत्युपत्राला हात लावू नकोस, स्टेपल, पिन, क्लिप काही काढू नकोस, फोटो काढायचा तर पान उलटून मोबाईलने काढ. वडिलांचं नाव कुठल्या कागदावर कसं आहे त्याची आधीच यादी कर आणि फरक असेल तर अर्जातच सांगून टाक, विचारायची वाट बघू नकोस. साक्षीदार कुठे राहतात ते आत्ताच शोध, ती माणसं बहुतेक वडिलांच्याच वयाची असणार. मिळालेल्या कागदाच्या सर्टिफाईड प्रती एकदमच जास्त माग, कारण दोन बँका एकाच वेळी मागतात आणि नंतर मागितल्या तर परत थांबावं लागतं. आणि जॉइंट खातं असेल तर ते बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या खातेदाराला थेट चालू राहतं, आईचं रोजचं अडणार नाही, ते आधी बघ. घर विकायची तारीख मात्र कुणालाही देऊ नकोस.

प्रोबेट आलं तेव्हा साधं पाकीट होतं. आत एक पान आणि शिक्का, मागे मृत्युपत्राची प्रत, आणि त्या प्रतीवर कोपऱ्यात स्टेपलची भोकंसुद्धा उमटलेली. खाती मोकळी व्हायला आणखी तीन आठवडे गेले.

पहिले पैसे मी ताईंना पाठवले. सहा वर्षं त्यांनी आत्याला उठवलं, बसवलं, रात्रीची औषधं दिली, आणि आत्या गेल्यावर त्यांची नोकरीही त्याच दिवशी गेली. मधल्या काळात मी दोनदा त्यांना स्वतःकडून काही देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही, म्हणाल्या बाईंनी ठेवलंय ते येईल तेव्हा येईल. मी फोनवर दरवेळी सांगायची, कोर्टाचं काम आहे, वेळ लागतोय. मला वाटायचं त्यांना समजतंय.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आधी आत्याबद्दल बोलल्या, रडल्या, मग थोडं थांबून विचारलं, "एक विचारू का, रागावू नका. घरातल्या कुणाची हरकत होती का हो, मला द्यायला?"

एवढे महिने त्या हे मनात ठेवून होत्या. मी त्यांना सांगितलं, नाही हो ताई, कुणाचीच नव्हती. मग स्टेपल कशी काढली तिथपासून सगळं सांगितलं, साक्षीदार बाई, आद्याक्षरं, दोन पत्रं, सगळं, तासभर बोलत होतो आम्ही. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "एवढं होतं तर मला आधी का नाही सांगितलंत?"